हाताचा खण

३ फेब्रुवारी

आज रुजू झाले. व्युत्पत्तिकोशाचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. बाबांचं सगळं आयुष्य लिफ्टदुरुस्तीत गेलं, त्यामुळे घरी आल्यावर पहिला प्रश्न तोच. "बंद म्हणजे कशी? हलतच नाही की मध्ये अडकते?" मी म्हटलं, बाबा, मी तिथे कोश करायला जाते. दादा जेवता जेवता म्हणाला, "कोश म्हणजे रेशमाच्या किड्याचा ना?" आईने डोळे वटारले, पण हसू तिलाही आवरलं नाही.

हसू देत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. आणि आज एका टेबलावर माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली होती.

४ फेब्रुवारी

काम काय ते नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना मलाच कळेल. इंग्रजी, जर्मन, जुनी नॉर्स, गॉथिक या सगळ्या बहिणी. त्यांची आई हजारो वर्षांपूर्वी बोलली आणि गेली, तिने काहीच लिहून ठेवलं नाही. मुलींकडे उरलेल्या शब्दांवरून आम्ही आईचे शब्द बांधायचे. बांधलेल्या शब्दाआधी एक चांदणी काढायची. चांदणी म्हणजे कबुली, की हे रूप कुणीही पाहिलेलं नाही.

सध्या 'ह'चा खंड चालू आहे. मला ज्यांच्या हाताखाली दिलंय त्या बाई इथे एकतीस वर्षं आहेत. पाठीमागे सगळे त्यांना 'तळटीप' म्हणतात, कारण त्यांचं कुठलंही वाक्य "पण" म्हटल्याशिवाय संपत नाही. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "घरात कोण कोण शिकलंय?"

"मी पहिलीच, बाई."

"म्हणजे 'चुकलीस' असं घरात तुला कुणी म्हणालेलंच नसणार. इथे सवय होईल."

९ फेब्रुवारी

आमच्या वाट्याला आलेला शब्द 'हात'. मला इतका आनंद झाला की दादाला सांगितलं. तो म्हणाला, "सतरा वर्षं शिकलीस आणि शेवटी हाताला हात म्हणायची नोकरी लागली."

पण गंमत अशी की पाय, डोळा, दात या शब्दांचे नातेवाईक दूरदूरच्या भाषांत सापडतात. हाताचा सापडत नाही. चांदणी आणि 'हान्दुझ', हा शब्द फक्त याच घरातला, बाहेर कुणी सोयराच नाही. शिवाय तो उकारान्त नामांच्या एका छोट्या वर्गातला, ज्याची रूपं चालवणं पुढे पोरींना जड झालं. गॉथिकने जपली: हान्दुस, हान्दु, अनेकवचनी हान्दयुस, हान्दुन्स. बाकीच्यांनी हळूहळू त्याला दुसऱ्या वर्गात नेऊन बसवलं. जर्मनमध्ये तर हातांचं जुनं रूप आता 'हरवणे' अशा अर्थाच्या शब्दात अडकून राहिलंय. ज्या वस्तू हातातून गेल्या, त्यांच्यापाशीच तो जुना हात राहिला. हे मी बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "कविता घरी कर. रूप सांग."

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या उच्चारात तुझी गल्ली ऐकू येते." शेजारच्या दोन टेबलांवरचे हसले. मला राग आला नाही. त्या शिकवतात, आणि शिकवणाऱ्याच्या बोलण्याचा राग धरायचा नसतो. मला खरंच राग आला नाही.

१७ फेब्रुवारी

इथली काम करायची पद्धत जगावेगळी आहे. वरिष्ठ 'बोलणारा' आणि कनिष्ठ 'लिहिणारा'. बोलणारा खणातून एकेक कार्ड काढतो आणि त्यावरचं रूप, भाषा, ग्रंथ, पान असं सांगतो. लिहिणारा त्याच्याकडे पाठ करून बसतो, म्हणजे कार्ड त्याला दिसत नाही आणि तो फक्त ऐकलेलं लिहितो. बोलून झालं की कार्ड पालथं ताटलीत. कार्डाच्या पाठीवर नुसता क्रमांक असतो, तो लिहिणाऱ्याने रूपासमोर घालायचा. आठवड्याच्या शेवटी लिहिणारा कार्डं उलटून ताडून बघतो. दोघांचं जुळलं की खाली सही: 'पाहिले'. पाहिल्याशिवाय ही सही करणं म्हणजे इथलं सगळ्यात मोठं पाप. पहिल्याच दिवशी मला हे बाईंनीच बजावलं.

हाताच्या खणात पाचशेवर कार्डं आहेत. सगळी बाईंच्या अक्षरातली, ऐन उमेदीत लिहिलेली. त्या खणात बोटं घालतात, पुटपुटत मोजतात आणि कार्ड काढतात. इतक्या झरझर बोलतात की कार्डाकडे बघायला त्यांना वेळ कधी मिळतो कोण जाणे. दोन आठवड्यांत एकही चूक नाही.

आज सर आमच्या टेबलाशी आले. सर म्हणजे मुख्य संपादक, फार मृदू बोलतात. मागच्या दोन खंडांवर परदेशातून एक परीक्षण आलंय, त्यात बऱ्याच चुका काढल्यात म्हणे. ते परीक्षण त्यांनी बाईंच्या हातात दिलं. उलटं दिलं. मला वाटलं बाई सरळ करतील, पण त्यांनी तसंच धरून "हं" म्हटलं आणि टेबलावर ठेवलं. सर क्षणभर तिथेच उभे राहिले, मग माझ्याकडे बघून हसले. मोठ्या माणसांचं लक्ष कुठल्या कुठे असतं!

२० फेब्रुवारी

आज मोठा वाद झाला. 'पकडून नेणे' अशा अर्थाचं एक गॉथिक क्रियापद आहे, हात हा शब्द त्यापासूनच आला असं सरांचं म्हणणं. पकडणारा तो हात. त्यांनी त्यावर एक निबंधही लिहिलाय. बाई म्हणाल्या, "दिसायला छान आहे. पण नोंदीत 'मूळ अनिश्चित' हेच जाईल."

सर म्हणाले, "बाई, वाचकांना काहीतरी हवं असतं."

"मग त्यांना बिस्किटं द्या. माहीत नाही हे लिहायला मला एकतीस वर्षं लागली. माहीत आहे असं लिहायला तुम्हाला एक दुपार पुरली."

सर हसले. त्यांच्या सहनशीलतेचं मला कौतुक वाटलं.

२८ फेब्रुवारी

बाई तीन दिवस रजेवर आहेत. दाढ काढायची आहे म्हणाल्या. शिपाईमामा इथले सगळ्यात जुने, ते चहा देताना पुटपुटले, "दाढेला तीन दिवस लागतात होय?" मी विचारलं काय, तर म्हणाले, "काही नाही, तू पी."

बाई येईपर्यंत त्यांच्यासाठी काहीतरी भेट तयार ठेवावी असं मनात आलं. त्यांचा खण अगदीच विस्कळीत आहे. सगळ्या भाषांच्या प्रथमा एकत्र, मग सगळ्या द्वितीया, असा काहीतरी घरगुती क्रम. कार्यालयाच्या नियमपत्रकातला सातवा नियम सांगतो की कार्डं भाषेनुसार आणि भाषेत ग्रंथाच्या काळानुसार लावावीत. मी तीन दिवस बसून सगळा खण नियमाप्रमाणे लावला. बोटांना कागदाने चिरा पडल्या. गॉथिक संपते तिथे पिवळा दोरा बांधला, नॉर्स संपते तिथे निळा.

शिपाईमामांनी बघितलं आणि हातातला ट्रे खाली ठेवला. "पोरी, बाईंना विचारलंस?"

"त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

"तो बसेलच," म्हणाले. "परत लाव. मी मदत करतो. त्या बोटांनी मोजून काढतात ग."

मी त्यांना समजावलं की शास्त्रात सवय हा आधार होऊ शकत नाही. पण जरा शंका आली म्हणून सरांना जाऊन सांगितलं. सर उठून स्वतः खण बघायला आले. बराच वेळ बघत राहिले. "उत्तम काम केलंत," म्हणाले. "बाईंना मात्र सांगू नका हं. त्यांना स्वतःलाच दिसू दे."

सरांना माझ्या भावना किती कळतात!

२ मार्च

बाई परत आल्या. डोळे लाल, पाणावलेले. दाढ फारच दुखली असावी. मी पाठ करून बसले, आता म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी खणात बोटं घातली. दोऱ्यांना हात लागला असणार, एक क्षण थांबल्या. मग म्हणाल्या, "हे दोरे कशाला?"

"खुणेला, बाई."

"हं. बावळटपणा." आणि बोलायला सुरुवात.

एक शब्द कौतुकाचा नाही. असो. केलेल्या कामाचा मोबदला मागायचा नसतो.

७ मार्च

आठवड्याची कार्डं उलटली आणि मी हादरलेच. एकवीसपैकी अकरा चुकलेली. नॉर्सचं षष्ठीचं रूप 'हान्दार' बाईंनी जुन्या इंग्रजीचं म्हणून सांगितलंय. जुन्या जर्मनचं 'हान्तुम' सॅक्सन या आणखी एका बहिणीच्या नावावर टाकलंय. रूपं सगळी खरी आहेत, पान क्रमांकही खरे आहेत, पण हातातल्या कार्डावर ते नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी कार्डावर आहे. जणू त्या कार्ड एक काढत होत्या आणि वाचत दुसरं होत्या.

आधी मला माझीच चूक वाटली. तीन वेळा ताडलं. नाही, माझं बरोबर आहे.

११ मार्च

या आठवड्याची कार्डं आजच उलटून बघितली, तेच. मी बाईंना म्हटलं, "बाई, काही कार्डं जुळत नाहीत."

"तू नीट ऐकत नाहीस."

"मी तीनदा ताडलं."

"मग चौथ्यांदा ताड. ही कार्डं मी लिहिलीत तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता. सही कर आणि पुढे चल."

पाहिल्याशिवाय सही कर, असं त्या मला म्हणाल्या! ज्यांनी मला हे पाप म्हणून शिकवलं त्याच. जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन रडले. एखाद्या माणसाला आपण इतकं मोठं मानावं आणि तो आतून असा निघावा.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. खण नीट लावण्याआधी एकही चूक दिसली नव्हती. म्हणजे चुका पूर्वीही असणार, पण त्या पसाऱ्यात कुणाला कळत नव्हत्या. व्यवस्था लागली की सगळं उघडं पडतं.

१४ मार्च

बाबांना सांगितलं. त्यांना शास्त्र समजत नाही, पण ऐकून घेतात. ते स्क्रूड्रायव्हर पुसत होते. म्हणाले, "आम्ही पॅनेलमधल्या दोन तारांच्या जागा बदलल्या ना, तर आधी जोडीदाराला ओरडून सांगतो. वरचा माणूस डोळे मिटून हात घालतो तिथे. न सांगता बदललं तर तो मरतो, आणि मग तपासणीत लिहितात, मयताच्या हलगर्जीपणामुळे."

मी म्हटलं, "बाबा, इथे कुणी मरत नाही. इथे सत्याचा प्रश्न आहे."

"बरं," म्हणाले. "तू बाईंना सांगितलंस का खण हलवल्याचं?"

"त्यांना दिसत नाही का?"

बाबा पुसायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग आईने त्यांना हाक मारली.

२० मार्च

यादी केली. तीन आठवडे, सदतीस चुका, प्रत्येकीसमोर कार्ड क्रमांक. स्वच्छ अक्षरात, दोन प्रतींत. बाईंचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कणभरही नाही. कोशातली एक चूक शंभर वर्षं लोकांना फसवते, एवढंच. उलट एक दिवस बाईच म्हणतील की बरं झालं पोरी, वेळीच दाखवलंस.

सरांनी यादी उभ्या उभ्या वाचली आणि दार लावून घेतलं. "हे तुम्ही स्वतःहून केलंत. मी सांगितलं नव्हतं. बरोबर?"

"हो सर."

"तसं वर एका ओळीत लिहा आणि सही करा."

त्यांना माझं श्रेय मला द्यायचं होतं.

२ एप्रिल

चौकशी समिती बसली. सर आणि बाहेरून आलेले तीन सदस्य. लांब टेबल, पाण्याचे पेले. बाई आल्या, खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून बसल्या. नेहमीची करडी साडी, पण ब्लाउजचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं होतं. मला ते नीट करावंसं वाटलं.

सर म्हणाले, "बाई, थोडी शंका आली आहे, तेवढी दूर करू. हा खण. आपण एकेक कार्ड वाचून दाखवा. आपली लिहिणारी कार्ड देईल."

मी कार्ड दिलं. बाईंनी ते डोळ्यांसमोर धरलं आणि हळूच मला विचारलं, "कितवं?"

"दहावं, बाई."

त्यांनी वाचलं. काय वाचलं! खणखणीत आवाजात रूप, भाषा, ग्रंथ, पान, ओळ, शिवाय त्या ओळीचा अर्थही. सदस्यांच्या पुढ्यात त्याच कार्डाची प्रत होती. त्यावर भाषाही वेगळी होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

सर म्हणाले, "छान. आता हे." आणि मला एक कार्ड दिलं.

ते कोरं होतं. दोन्ही बाजूंनी.

मला वाटलं चुकून आलं. मी सरांकडे पाहिलं, ते माझ्याकडेच बघत होते, अगदी शांत. मी कार्ड बाईंच्या हातात दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "कितवं ग?" आवाज इतका खाली होता की मलाच ऐकू आला.

मी म्हटलं, "अकरावं."

हे खोटं नव्हतं. दहाव्यानंतर दिलेलं ते अकरावंच झालं.

बाईंनी कोरं कार्ड वाचलं. जुन्या इंग्रजीतलं तृतीयेचं अनेकवचन, हातांनी. पान एकशे चौदा. एका सदस्याला हसू फुटलं, त्याने ते खोकून झाकलं. दुसरा म्हणाला, "आणखी एक वाचायला सांगा ना." सरांनी आणखी एक कोरं दिलं. बाईंनी तेही वाचलं. मला वाटत होतं की कुणीतरी आता थांबवेल.

दार शिपाईमामांनी उघडलं. पाणी द्यायच्या निमित्ताने आत आले आणि मोठ्याने म्हणाले, "बाई, कोरं आहे ते."

बाईंनी कार्डावरून अंगठा फिरवला. मग टेबलावर ठेवून दिलं, कडेशी कड जुळवून.

"खण कुणी हलवला?" बाईंनी विचारलं.

"नियमाप्रमाणे लावलाय, बाई. सातवा नियम," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे बघत होत्या. "तू होय," म्हणाल्या. "सांगायचंस."

शिपाईमामांना सरांनी दुपारीच तळघरातल्या गोदामात बदलून टाकलं.

३ एप्रिल

आता सगळं उघड झालंय. बाईंना दीड वर्षापासून दिसत नाही. मधोमध काळा डाग आणि कडेला धुकं. तरीही त्या 'पाहिले' म्हणून सही करत राहिल्या. म्हणजे दीड वर्ष आम्हा सगळ्यांना फसवलं. सगळी कार्डं त्यांना पाठ होती हे मान्य, पण पाठ असणं म्हणजे पाहणं नव्हे.

मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "पाचशे कार्डं पाठ? आणि तू जागा बदलल्यास?" शिट्टी मारून बाहेर गेला. त्याला प्रत्येक गोष्टीची चेष्टाच सुचते.

झोप लागली नाही हे खरं. पण ते अपराधी वाटल्यामुळे नाही, दगदगीमुळे.

२१ एप्रिल

हाताची नोंद आता माझ्याकडे आहे. बाईंचं टेबलही. पहिले काही दिवस खण उघडायला हात होईना, मग झाला.

आज नोंदीचा मसुदा सरांकडून परत आला. 'मूळ अनिश्चित' खोडून त्यांनी 'पकडणे या धातूपासून' असं लिहिलंय. आधार म्हणून त्यांचाच निबंध. मी धीर करून म्हटलं, "सर, पण पुरावा तसा नाही. बाई म्हणायच्या..."

"बाई कोरी कार्डंसुद्धा वाचायच्या," सर हसत म्हणाले. "बाळ, तुमची नेमणूक सहा महिन्यांची. कायम करायचा प्रस्ताव मी या आठवड्यात पाठवतोय. नोंदीखाली तुमची 'पाहिले' अशी सही लागेल. अडचण आहे का काही?"

बाबांनी त्यांच्या प्रत्येक इमारतीतल्या वॉचमनला सांगून ठेवलंय, माझी मुलगी कोश लिहिते.

मी नोंद पुन्हा वाचली. खरं तर दोन्ही मतं विद्वानांनी मांडलेली आहेत. शक्यता नाकारता येत नाही. आणि नोंद मी पाहिली, हे तर खरंच आहे. सही केली.

६ मे

परीक्षणात ज्या चुका काढल्या होत्या त्या मी जुन्या कागदांवरून शोधून काढल्या. मागच्या दोन खंडांतल्या. बहुतेक सगळ्या सरांनी स्वतः घातलेल्या नोंदींत आहेत, बाईंच्या नोंदींत दोनच. मी सरांना दाखवलं. त्यांना आनंद होईल असं वाटलं, इतकं बारकाईने केलं म्हणून. त्यांनी कागद घेतले, खणात ठेवले, कुलूप लावलं. म्हणाले, "तुम्ही फार सच्च्या आहात. म्हणून एक नाजूक काम तुमच्यावरच सोपवतो."

९ मे

बाईंच्या घरी जाऊन आले. सगळं नीट पार पडलं.

सरांनी एक निवेदन टाइप करून दिलं होतं, बाईंच्या वतीने, सहीसाठी. चार परिच्छेद. पहिल्यात संस्थेचे आभार. दुसऱ्यात प्रकृतीमुळे स्वेच्छेने निवृत्ती. तिसऱ्यात, की मागच्या दोन खंडांतल्या सर्व चुकांची जबाबदारी माझी एकटीची आहे आणि 'ह'च्या खंडावर माझं नाव घालू नये. चौथ्यात, की याबाबत माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. सर म्हणाले होते, "त्यांना वाचून दाखवावं लागेल. कसं वाचायचं ते तुम्हाला कळेल. आजारी माणसाला किती दुखवायचं याला मर्यादा असते."

तळमजल्यावरची खोली. भिंतभर पुस्तकं, सगळ्यांवर धूळ, फक्त टेबलाच्या कडा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या. बाईंनी पावलांवरून ओळखलं. "ये. खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेव आणि बस." रागावतील असं वाटलं होतं, पण नाही. आवाजच बदललाय. मला म्हणाल्या, "तुझ्या जागी मी असते तर मीही यादीच केली असती. तुला दोष देत नाही."

मला किती बरं वाटलं ते लिहिता येणार नाही.

मी निवेदन वाचलं. पहिला परिच्छेद. दुसरा. तिसऱ्याशी आले तेव्हा त्या मान किंचित पुढे करून ऐकत होत्या, लहान मूल गोष्ट ऐकतं तशा. मी चौथा वाचला.

"एवढंच?"

"एवढंच, बाई."

"'ह'च्या खंडावर नाव राहील ना माझं? बाकी काही नको. आधीच्या सगळ्या खंडांवर मी नुसती आभाराच्या यादीत आहे. हा एकच माझा."

"राहील, बाई."

"आणि हाताचं मूळ काय घातलंत?"

"अनिश्चित."

त्या हसल्या. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. "शाबास. त्याने 'पकडणे' घालायला लावलं असतं तुला." पेन मागितलं. सही कुठे करायची ते त्यांना कळेना, म्हणून मी त्यांचा हात धरून कागदावर नेला. हात थंड होता. सही थोडी वर चढून तिसऱ्या परिच्छेदावर गेली. सर म्हणाले चालेल, उलट बरंच झालं.

मी खोटं बोलले असं कुणी म्हणेल. पण खरं वाचून काय साधलं असतं? त्यांना यातना, आणि कागद तर बदलणार नव्हता. छापलेला खंड त्या बघू शकणार नाहीत. म्हणजे त्यांच्यापुरतं नाव राहिलंच. मी त्यांच्याकडून काहीही हिरावून घेतलेलं नाही.

निघताना त्यांनी माझी बाही पकडली. "भाची येते, पण तिला वाचायचा कंटाळा. पानं गाळते, मला कळतं. तू येशील? आठवड्यातून एक दिवस. तुझ्यावर माझा भरवसा आहे."

हो म्हटलं. इतका विश्वास आजवर माझ्यावर कुणी टाकला नव्हता, रस्ताभर मला भरून येत होतं. गुरुवारी मुद्रितं तपासायची असतात. शुक्रवारी चालेल का ते विचारून घेईन.